मोडेमची शीळ

दूरध्वनीची तार माणसांच्या बोलण्यासाठी घातलेली. दर सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचा आवाज तेवढा तिच्यातून नीट जातो. संगणकास मात्र शून्य आणि एक या दोनच अंकांची भाषा ठाऊक! त्या अंकांचे सूर करून तारेवर सोडणारे, आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा अंक करणारे यंत्र म्हणजे मोडेम. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या 'बेल १०३' मोडेमात साद घालणारा शून्यासाठी १०७० आणि एकासाठी १२७० कंपनांचा सूर काढी. उत्तर देणाऱ्याचे सूर २०२५ व २२२५ कंपनांचे असत. त्यामुळे दोघांना एकाच वेळी बोलता येई. वेग सेकंदास ३०० अंक, म्हणजे जेमतेम तीस अक्षरे. पुढे वेग पुष्कळ वाढला. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा घरोघरचे संगणक याच मार्गाने दूरच्या यजमान संगणकाशी जोडले जात.

विद्यार्थिमित्रांनो, हा संबंध जुळेना म्हणजे उतावळा मनुष्य एकदम दहा गोष्टी बदलून पाही आणि मूळ दोष त्या गोंधळात हरवून बसे. जाणता मनुष्य आधी कान देऊन ऐके. प्रथम दूरध्वनीचा गुंजारव, मग क्रमांक फिरणे, घंटा, पलीकडची शीळ, दोघांची खरखर आणि शेवटी शांतता, हा क्रम ठरलेला. तो कोठे तुटला हे कळले की निदान निम्मे झाले.

गुंजारवच नसेल तर तार सैल आहे, भलत्या खाचेत घातली आहे, किंवा शेजारच्या खोलीत कोणी तरी रिसीव्हर उचलून ठेवला आहे, असे समजावे. परंतु गुंजारव आहे, मोडेमने क्रमांकही फिरविला, आणि तरी गुंजारव थांबत नाही, हा प्रकार मोठा मौजेचा. जुनी दूरध्वनी केंद्रे तारेतील प्रवाह किती वेळा तुटला हे मोजून अंक ओळखीत. नवी केंद्रे प्रत्येक अंकाचे जोडसूर ओळखतात. जुन्या केंद्रापुढे मोडेम सूर आळवी, म्हणजे बहिऱ्यापुढे गाणेच ते! अशा वेळी 'ए-टी-डी-टी' या आज्ञेच्या जागी 'ए-टी-डी-पी' लिहावे लागे. एका अक्षराने काम होई.

शीळ ऐकू आली, खरखर झाली आणि 'नो कॅरिअर' असा निरोप उमटला, तर दोन्ही मोडेमांचे वेगावर एकमत झालेले नसे, अथवा तारेत गोंगाट असे. वेग एक पायरी उतरवून पाहणे हा त्यावर पहिला उपाय.

संबंध जुळूनही पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसू लागली, तर ती एकसारखी येतात की मधूनच, हे पाहावे. मधूनच येणारी चिन्हे तारेतील गोंगाटाची. एकसारखी येत असतील तर मात्र तार निर्दोष असण्याचा संभव अधिक. एका संगणकाने अक्षरामागे सात अंक व एक पडताळ्याचा अंक धरलेला, तर दुसऱ्याने पडताळ्याविना आठ. दोन्हीकडे मांडणी सारखी केली की मजकूर स्वच्छ उमटे. आपण टंकलेले प्रत्येक अक्षर दुहेरी दिसे, तेव्हा तर बिघाड असा नसेच. आपला संगणक ते स्वतः दाखवी आणि यजमानही परत पाठवी. दोघांपैकी एकास, बहुधा आपल्याच संगणकास, गप्प बसविले म्हणजे झाले.