जुनी टर्बो सेदान : आधी ऑइलचा हिशेब मागा

पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या सेदान २०२२ मध्ये रस्त्यावर आल्या. त्यांचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन ११५ पीएस ताकद देतं, दीड लिटरचं १५० पीएस. एवढ्याशा इंजिनाला ही ताकद टर्बोमुळे मिळते. आता या गाड्या सेकंड हँड बाजारातही दिसू लागल्या आहेत, आणि त्या घेताना साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त चौकशी करावी लागते.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल जुनं झालं, त्यात काजळी साठली, की आधी बेअरिंग झिजतात आणि मग टर्बो बदलण्याचा मोठा खर्च अंगावर येतो. म्हणून वेळेवर ऑइल बदललेली ऐंशी हजार किलोमीटरची गाडी, दोन वर्षं सर्व्हिसिंगच न झालेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा चांगली ठरू शकते. मीटरचा आकडा नंतर बघावा. आधी सर्व्हिसची बिलं मागावीत आणि प्रत्येक बिलावरची तारीख, किलोमीटर व ऑइलचा ग्रेड तपासावा.

गाडी बघायला सकाळी जावं, आणि ती आधी सुरू करून ठेवू नका, असं मालकाला सांगावं. बॉनेटला हात लावला की इंजिन थंड आहे का ते कळतं. गार इंजिनाचे दोष गरम झाल्यावर झाकले जातात. सुरू केल्यावर निळसर धूर आला, तर ऑइल जळतं आहे. काही मिनिटं गाडी उभी ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर सुटला, तर टर्बोच्या सीलवर संशय घ्यावा. ऑइलचं झाकण उघडून आत काळा, घट्ट गाळ आहे का तेही पाहावं.

मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. पिकअप एकसारखा वाढला पाहिजे. हलकी शिट्टी चालते; भोंग्यासारखा चढता आवाज किंवा मध्येच मरणारी ताकद चालत नाही.

दीड लिटरच्या गाडीत डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल, तर ती गर्दीत रांगत चालवून पाहावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरली, धक्के बसले, तर क्लच झिजलेला असू शकतो. ताकद वाढवण्यासाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं आहे का, हे मालकाला स्पष्ट विचारावं. वाढलेला ताण टर्बो आणि क्लच दोन्हींवरही येतो. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून साठलेले एरर कोड वाचून घ्यावेत. नुकतेच पुसलेले कोडही संशयास्पदच.

मग कागदपत्रं. एमपरिवहन ॲपवर आरसी आणि विम्याची मुदत बघावी. कर्जाची नोंद असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरावा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा नव्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.