गॉफ गेला, स्टॅफर्ड आला... फायदा कोणाचा झाला?

१५ जानेवारी २०२४. सोमवार, मकरसंक्रांत. सकाळचे साडेसहा वाजलेले. अख्खा ब्लॉक झोपलेला, बाहेर कडाक्याची थंडी, आणि आम्ही दोघं रूमपार्टनर एकच ब्लँकेट पांघरून लॅपटॉपसमोर बसलेले. नेट मध्येमध्ये अडकत होतं. तिकडे डेट्रॉइटमध्ये रविवारची रात्र होती आणि स्टेडियममधले हजारो लोक एकच नाव ओरडत होते : "जॅरेड गॉफ! जॅरेड गॉफ!"

आम्हाला हे वेड लावलं माझ्या मावसभावाने. दादा मेकॅनिकल करून गाड्यांच्या धंद्यात शिरला आणि डेट्रॉइटजवळ स्थायिक झाला. तिथे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत. दादा गेला तेव्हा क्रिकेटवेडा होता. आता 'डेट्रॉइट लायन्स' म्हटलं की त्याचे डोळे पाणावतात. सेकंड इयरला असताना त्याने आम्हाला हा खेळ शिकवला आणि वर एक वादही देऊन ठेवला. तो वाद आमच्या रूममध्ये आजतागायत चालू आहे. मेसमध्ये लोक विचारतात, "तुम्ही दोघं रोज कशावरून भांडता रे?" त्या सर्वांसाठी हा लेखप्रपंच.

आधी खेळ समजून घ्या

अमेरिकन फुटबॉलमधला चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत करत शेवटच्या रेषेपलीकडे गेलात की सहा गुण.

या सगळ्याच्या मधोमध उभा असतो क्वार्टरबॅक. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात आणि साधारण तीन सेकंदांत त्याने ठरवायचं असतं : कोणाकडे फेकू, कोणाच्या हातात देऊ, की स्वतःच पळू? क्रिकेटमध्ये एक बॅट्समन शून्यावर गेला तरी बाकीचे दहा असतात. इथे क्वार्टरबॅक बिघडला की सगळं मशीनच बंद. त्यामुळे "कोणाला ठेवायचं आणि कोणाला द्यायचं" हा प्रश्न क्वार्टरबॅकच्या बाबतीत आला की अख्ख्या शहराची झोप उडते.

पैसे मोजून सुटका नाही

तुम्ही म्हणाल, मालक श्रीमंत आहे ना, मग घ्यावेत विकत सगळे चांगले खेळाडू! तिथेच तर गोम आहे. या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि खेळाडूंच्या पगारावर सर्व संघांना सारखीच कमाल मर्यादा आहे. ही पद्धत १९९४ साली सुरू झाली, तेव्हा मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. आपल्या आयपीएलच्या पर्ससारखंच, फक्त हिशेब जास्त किचकट.

किचकट कसा, ते ऐका. करार करताना संघ खेळाडूला मोठी रक्कम आधीच देऊन टाकतो. पण हिशेबाच्या वहीत ती रक्कम पुढच्या काही वर्षांत, जास्तीत जास्त पाच, वाटून दाखवता येते. आता तो खेळाडू मध्येच दुसऱ्या संघाला दिला, तर वाटायची राहिलेली रक्कम वहीतून जात नाही. ती जुन्या संघाच्याच डोक्यावर बसते. म्हणजे हप्त्यांवर घेतलेली बाइक विकून टाकली, चालवतोय दुसराच, आणि हप्ते मात्र आपणच भरतोय! याला तिकडे 'डेड मनी' म्हणतात. मेलेला पैसा.

दुसरं चलन म्हणजे 'ड्राफ्ट'. दर वर्षी एप्रिलमध्ये कॉलेजांतून येणारे नवे खेळाडू संघांमध्ये वाटले जातात. एकूण सात फेऱ्या. जो संघ गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली निवड आणि विजेत्याला बत्तिसावी. या निवडी, अगदी पुढच्या वर्षांच्या सुद्धा, देवाणघेवाणीत वापरता येतात. म्हणजे अजून संघात न आलेल्या, कोण येणार हेही माहीत नसलेल्या पोराच्या बदल्यात आजचा खेळाडू मिळतो.

मग भाव कसा ठरवायचा? इथे आपल्या बिरादरीचा माणूस येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघात माइक मॅकॉय नावाचे भागीदार होते, पेशाने इंजिनिअर. त्यांनी जुने व्यवहार तपासून प्रत्येक निवडीला गुण देणारा तक्ताच बनवला. पहिली निवड ३००० गुण, दुसरी २६००, तिसरी २२००, सहावी १६००... आणि बत्तिसावी फक्त ५९०. कागदावर वक्र काढला तर सुरुवातीला धाडकन उतरतो आणि मग सपाट होत जातो. पुढे हा तक्ता सगळ्या लीगभर पसरला. नंतर अनेकांनी त्यात चुका दाखवल्या, नवे तक्ते केले, पण "या निवडीची किंमत किती?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याची सवय त्या इंजिनिअरने लावली. (बघा, आपला कुठे ना कुठे उपयोग होतोच!)

आता मूळ भांडण

२०२१ च्या जानेवारीअखेर लॉस एंजेलिस रॅम्स आणि डेट्रॉइट लायन्स यांच्यात सौदा ठरला. रॅम्सनी दिलं : क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि २०२१ ची तिसऱ्या फेरीतली एक निवड. मिळालं : एकटा मॅथ्यू स्टॅफर्ड.

दोघेही आपापल्या वर्षीचे ड्राफ्टमधले पहिल्या क्रमांकाचे खेळाडू, स्टॅफर्ड २००९ चा आणि गॉफ २०१६ चा. स्टॅफर्डने डेट्रॉइटमध्ये बारा हंगाम घालवले, पण बाद फेरीचा एकही सामना त्याला जिंकता आला नव्हता. गॉफ रॅम्सना २०१९ च्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत घेऊन गेला होता. तिथे ते १३-३ असे हरले. त्याच वर्षी सप्टेंबरात रॅम्सनी त्याच्याशी चार वर्षांचा १३ कोटी ४० लाख डॉलरचा नवा करार केला. आणि जेमतेम दीड वर्षात त्याला काढून दिलं! २०२१ ची मर्यादा होती १८ कोटी २५ लाख डॉलर, आणि त्यातले दोन कोटींहून जास्त गॉफच्या नावाने 'मेले'. म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक पगार अशा माणसापायी, जो समोरच्या संघात खेळतोय. डेट्रॉइटला दोन-दोन निवडी मिळाल्या, त्यात गॉफचा जड करार उचलण्याची हमालीही होती असं सर्रास मानलं गेलं. थोडक्यात, गॉफ हा व्यवहारातला माल नव्हता, ओझं होतं.

पार्टनरचं म्हणणं : "विषयच संपला. रॅम्स जिंकले." खरंच आहे. पहिल्याच हंगामात स्टॅफर्डने रॅम्सना फायनलला नेलं आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांनी सिनसिनाटी बेंगल्सना २३-२० असं हरवलं. कप हातात आला. ज्यासाठी केलं ते मिळालं.

दादाचं म्हणणं : "थांब, पुढे बघ." रॅम्स जिंकल्यामुळे त्यांची २०२२ ची निवड झाली बत्तिसावी, तक्त्यात ५९० गुणांची. पण पुढच्या हंगामात रॅम्सनी १७ पैकी फक्त ५ सामने जिंकले आणि त्यामुळे २०२३ ची निवड झाली सहावी. म्हणजे १६०० गुण! डेट्रॉइटने या निवडी आणखी फिरवल्या आणि त्यातून जेमसन विल्यम्स, जामीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा असे तीन तरुण खेळाडू उभे केले. आणि ओझं म्हणून आलेला गॉफ? २०२१ मध्ये त्याच्या संघाने फक्त तीन सामने जिंकले होते. २०२३ मध्ये बारा.

मग आली ती संक्रांतीची सकाळ. बाद फेरी, डेट्रॉइटच्या घरच्या मैदानावर. समोर कोण? रॅम्स, आणि त्यांच्याकडून स्टॅफर्ड! स्टॅफर्ड सुंदर खेळला, ३६७ यार्ड फेकले. गॉफने २७ पैकी २२ फेकी जुळवल्या. शेवटी चेंडू आणि घड्याळ दोन्ही गॉफच्या हातात होते. त्याने सेंट ब्राउनकडे एक अचूक फेक केली आणि खेळ खलास. २४-२३. डेट्रॉइटने बाद फेरीचा सामना जिंकला होता, १९९२ च्या जानेवारीनंतर पहिल्यांदा. दादाचा फोन आला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

मग बरोबर कोण?

मी यावर खूप डोकं लावलं. माझं उत्तर असं, की दोघांची घड्याळं वेगळी होती. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये आपण शिकतो ना, आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया एक नव्हे? रॅम्सचा संघ तयार होता. त्यांचा सर्वांत मोठा बचावपटू अ‍ॅरन डोनाल्ड तिशीला आला होता आणि २०२४ मध्ये तो निवृत्तही झाला. त्यांना 'आज' हवं होतं, म्हणून त्यांनी उद्या विकला. डेट्रॉइट मुळापासून बांधणी करत होतं. त्यांना 'आज' असून नसून सारखाच होता, म्हणून त्यांनी उद्या विकत घेतला. एकाच वस्तूचे दोघांना दोन भाव वाटतात तेव्हाच दोघांच्या फायद्याचा सौदा होतो.

पण दर वेळी असं जमत नाही. २०२२ मध्ये डेन्व्हरने सिएटलकडून रसेल विल्सन घेतला आणि त्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि तीन खेळाडू असा ढीग दिला. वर त्याला मोठा करारही दिला. त्या हंगामात डेन्व्हर पाचच सामने जिंकलं आणि २०२४ मध्ये त्यांनी विल्सनला सोडून दिलं. डोक्यावर राहिले दोन वर्षांत विभागलेले साडेआठ कोटी डॉलर, डेड मनी! तसंच सॅन फ्रान्सिस्कोचं. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर चढून ट्रे लान्सला घेण्यासाठी त्यांनी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. लान्स त्यांच्यासाठी चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. शेवटी संघ सावरला तो ब्रॉक पर्डीने, जो २०२२ च्या ड्राफ्टमधला सर्वांत शेवटचा, २६२ वा खेळाडू होता. त्याच्यासह ते २०२४ च्या फायनलला पोहोचले. इथे दाद द्यायची ती एका गोष्टीला : लान्सवर एवढं ओतलंय म्हणून त्यालाच खेळवत राहायचं, असा हट्ट त्यांनी धरला नाही. बुडालेला पैसा बुडाला असं मान्य करायला धाडस लागतं. चार वर्षं घालवून न चालणारं प्रोजेक्ट सोडून बघा, म्हणजे कळेल!

आणि नशीब? ते कोणत्याच तक्त्यात नाही. ३० जानेवारी २०२२ ला रॅम्स सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मागे असताना स्टॅफर्डने एक भयंकर चुकीचा चेंडू उंच फेकला होता. समोरच्या जॅक्विस्की टार्टच्या अगदी हातात आलेला तो चेंडू सुटला. तो पकडला गेला असता तर कदाचित कप नाही, आणि मग सगळे म्हणाले असते, "मूर्खासारखा सौदा केला!" निर्णय तोच, फक्त एका झेलाचा फरक.

आमच्या रूममधली गोष्ट

हे सगळं मी पार्टनरला पटवून देत होतो तेव्हा तो एकच वाक्य बोलला, "तुला हे कळतं, मग मेसच्या बोर्डावर का कळवलंस?"

सांगतो. सेकंड इयरला मी होस्टेलच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन होतो. इंटर-होस्टेल मॅचच्या आदल्या दिवशी मी विकेटकीपर बदलला. एफईचा एक पोरगा खरोखर चांगला होता. ज्याला काढलं तो माझा पार्टनर. मी त्याला तोंडावर सांगितलं नाही, बोर्डावर यादी लावून मोकळा झालो. त्याने ती ताट हातात घेऊन, चारचौघांत वाचली. मॅच आम्ही जिंकलो आणि "बघ, निर्णय बरोबर होता" असं मी वर्षभर ऐकवत राहिलो.

रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांनी नंतर जाहीरपणे कबूल केलं, की गॉफशी आपण ज्या रीतीने वागलो-बोललो ते अधिक चांगल्या प्रकारे करता आलं असतं. सौदा चुकला असं ते म्हणाले नाहीत. कप तर त्यांच्याकडे होताच. निर्णय बरोबर असणं आणि तो सांगण्याची रीत बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच त्यातून मला कळलं. तक्त्यात गॉफच्या नावापुढे आकडा होता. पण त्या रात्री हजारो लोक जे ओरडत होते ते नाव होतं.

त्या संक्रांतीला मी पार्टनरला तिळगूळ दिला आणि सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे रे. पण सौदा रॅम्सनीच जिंकला."

असो. वाद चालू आहे. रूममध्ये या कधीही, फक्त चहा तुमच्याकडून!

- अंतिम वर्ष, मेकॅनिकल