घरचे उटणे

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट, अंगास लावलेले कोमट तेल आणि त्यावर चोळलेले खरखरीत, सुवासिक उटणे यांची आठवण ज्यास नाही असा महाराष्ट्रीय मनुष्य विरळाच. परंतु त्या उटण्यात काय असते असे घरातील मुलांस विचारून पाहावे. ‘वासाची पावडर’ याहून अधिक उत्तर बहुधा मिळत नाही. पुडी बाजारातून येते, उघडली जाते आणि संपते. बाजारची पुडी वाईट असते असे आमचे म्हणणे नाही; मात्र तेच उटणे मुलांकडून घरी करविले असता त्यांस जे ज्ञान होते, ते पुडीबरोबर विकत मिळत नाही.

या कामास दसऱ्याच्या दिवशी आरंभ करावा. दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत सुमारे 19 दिवस मिळतात व वाळवणास तेवढे पुरतात. संत्र्यांच्या किंवा मोसंब्यांच्या साली व देशी गुलाबाच्या पाकळ्या मुलांनी रोज थोड्या थोड्या जमवाव्या. सालीच्या आतील पांढरा गर चमच्याने खरवडून काढावा आणि सर्व जिन्नस सुपात पसरून सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावे.

‘उन्हात लवकर वाळेल, मग सावलीत का?’ असे मुले विचारतातच. वनस्पतीचा सुगंध म्हणजे तिच्यातील उडून जाणारे तेल होय. संत्र्याची साल बोटांनी दाबली असता जे बारीक तुषार उडतात, ते हेच तेल. कडक उन्हात पाण्याबरोबर तेही उडून जाते व मागे नुसता पाला उरतो. सावलीत वाळण्यास वेळ लागतो. परंतु वास टिकतो.

वेळ लागतो म्हणून घाई करणे मात्र महागात पडते. एका वर्षी आमच्याच घरी साली पुरत्या वाळल्या नसताना दळल्या गेल्या. मुलांनी मोठ्या हौसेने डबा भरला, वर आपली नावे लिहिली; आणि चतुर्दशीच्या पहाटे झाकण उघडले तो आत बुरशी! त्या दिवशी धाकट्याने आंघोळ केली ती रडतच. तेव्हापासून आमच्या घरी असा नियम आहे की, साल वाकविली असता ‘कट्’ असा आवाज होऊन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर ती परत सुपात जाते. ही परीक्षा आता धाकटाच घेतो व त्यात कोणाची गय करीत नाही.

उरलेले जिन्नस काष्ठौषधींच्या दुकानी मिळतात. तेथे मुलांस अवश्य न्यावे व प्रत्येक वस्तूचा वास घेऊ द्यावा. आंबेहळदीस कैरीचा वास का येतो, याचे त्यांस मोठे नवल वाटते. कपूरकाचरी हा आल्याच्या कुळातील एका वनस्पतीचा कंद होय. नागरमोथा हा शेतकऱ्यास नकोशा वाटणाऱ्या लव्हाळ्याचा सोयरा. वाळा हे एका गवताचे मूळ असून ते गवत बांधावर लावले असता माती धरून ठेवते. फुलांतच सुगंध असतो ही मुलांची समजूत येथे आपोआप दूर होते.

प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे. मसुरीच्या डाळीचे पीठ 200 ग्रॅम, मुलतानी माती 100 ग्रॅम, संत्र्याच्या सालीचे चूर्ण 50 ग्रॅम; गुलाबपाकळ्या, आंबेहळद, नागरमोथा व कपूरकाचरी यांचे चूर्ण प्रत्येकी 25 ग्रॅम; वाळ्याचे चूर्ण 20 ग्रॅम. कठीण मुळ्या मोठ्या माणसांनी कुटून द्याव्या. दळताना यंत्र फार तापू देऊ नये. थांबून थांबून फिरवावे. दळताना व चाळताना मुलांच्या नाकातोंडावर रुमाल बांधावा. शेवटी सर्व चूर्ण वस्त्रगाळ करावे, म्हणजे अंगास ओरखडे येत नाहीत. वाळ्याचे जे तंतू कापडावर राहतात ते टाकू नयेत. त्यांची लहानशी पुरचुंडी बांधून कपड्यांच्या कपाटात ठेवावी.

दोन जिन्नस आम्ही जाणूनबुजून वगळले आहेत. पहिला बावची. पुष्कळ जुन्या याद्यांत हिचे नाव आढळते. परंतु तिच्या बियांतील सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे त्वचेवर ऊन पडताच डाग किंवा फोड उठण्याचा संभव असतो. मुलांच्या अंगास ती न लावणेच बरे. दुसरा जिन्नस जटामांसी. तिचा वास उत्तम खरा. परंतु ती हिमालयात सुमारे 3,000 मीटर व त्याहून अधिक उंचीवर वाढते, आणि उपयोग तिच्या मुळाचाच होत असल्यामुळे ते खणले की रोपही जाते. 1997 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, व आज ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणली जाते. आमच्या मुलांस हे सांगितले तेव्हा, ‘मग आपण संत्र्याची साल थोडी जास्त घालू,’ असे त्यांनीच सुचविले.

तयार उटणे प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी; खाज अथवा लाली न आली तरच वापरावे. तान्ह्या मुलांस लावू नये. चतुर्दशीस तिळाच्या तेलाने मर्दन झाल्यावर दुधात किंवा पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, डोळे सांभाळावे. पीठ व माती अंगावरील जादा तेल शोषून घेतात, म्हणून साबणाची फारशी गरज पडत नाही.

वरील प्रमाणाचे सुमारे अर्धा किलो उटणे होते. घरापुरते ठेवून बाकीच्याच्या पुड्या मुलांनी जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांत बांधाव्या, आणि आजी, शेजारी, दूध घालणारे काका अशा सर्वांस स्वतः नेऊन द्याव्या. घेणारा पुडी नाकाशी नेतो व ‘यात काय काय घातलेस रे?’ असे विचारतो. त्या वेळी मुलाने एकेक नाव न अडखळता सांगावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.