खिडकी वाढत गेली : रामटेकच्या घरांतल्या उजेडाचा मागोवा

रामटेकात सध्या घर बांधायला काढलेल्या कुणाशीही बोला, दोन मागण्या आधी येतात. हॉल उजेडी हवा आणि समोरची खिडकी मोठी हवी. शीतलवाडीच्या किंवा मनसर रस्त्याच्या बाजूच्या नव्या ले-आऊटांतून चक्कर मारली, तर ही हौस पुरी झालेलीही दिसते. सहा-सहा फूट रुंदीच्या सरकत्या काचा, पांढऱ्या चौकटी, काही ठिकाणी जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत काच. फक्त ही चक्कर मे महिन्यात भर दुपारी मारावी. बहुतेक काचांच्या आत जाड पडदा ओढलेला असतो आणि पडद्याआड ट्यूबलाइट चालू असते. मोठ्या खिडकीला एकदा पैसे आणि ती झाकायला पुन्हा पैसे. इथवर आपण कसे आलो, ते मागे जाऊन पाहण्यासारखं आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं रामटेक म्हणजे बहुतांशी कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, गाव. भिंती मातीच्या, दीड-दोन हात जाड. खिडकी लहान, उंचावर, लाकडी गजांची आणि बिनकाचेची. असल्या घरात शिरलं की डोळ्यांना थोडा वेळ काही दिसत नसे. पण ते अंधारं होतं म्हणून त्यात राहणाऱ्यांना उजेड कळत नव्हता, असं म्हणणं चुकीचं ठरेल. उजेड लागेल ते काम उजेडात नेलं जाई. धान्य निवडणं, शिवण, हिशेबाची वही, पोरांचा अभ्यास हे सगळं सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. सपरीचं छप्पर उतरत उतरत डोक्याच्या उंचीपर्यंत खाली यायचं, त्यामुळे ऊन आत येत नसे. यायचा तो आंगणातून परतलेला उजेड. आंगणही शेणानं सारवलेलं, मातकट रंगाचं, म्हणजे डोळे दिपवणारं नव्हे. आज त्याच जागी पांढरट सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक आहेत आणि ते उजेडाबरोबर धगही थेट खिडकीत फेकतात. सपरीतली बंगई (झोपाळा) ही गावातली सर्वांत प्रकाशमान बैठक होती आणि जत्रेला आलेले पाहुणेही तिथेच पसरत.

आतल्या माजघरासाठी एक साधी युक्ती होती. छपरातलं एखादं कवेलू काचेचं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत जाई आणि खोलीला पुरेसा उजेड देई. वीतभर काच, पण ती छपरात असल्यामुळे भिंतीतल्या तेवढ्याच खिडकीपेक्षा कितीतरी जास्त काम करणारी.

या घरांचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरू नये. सपरी बरीचशी पुरुषांची होती. बाईचा दिवस मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात जायचा आणि तिथे चूल, धूर, काळवंडलेले वासे आणि हातभर झरोका. जुन्या घरांवर हळवे लेख लिहिणारे बहुधा सपरीत बसून लिहितात. मोठ्या खिडकीची पहिली खरी गरज दिवाणखान्याला नव्हती, स्वयंपाकघराला होती, आणि तिथे ती सर्वांत शेवटी पोचली.

कवेलू गेले त्यामागे आणखी एक स्थानिक कारण आहे, जे वास्तुकलेच्या पुस्तकांत सापडणार नाही. रामटेकच्या गडावरची माकडं. एक टोळी छपरावरून गेली की पावसाळ्याआधी शाकारणी पुन्हा करा. पुढे स्लॅब आला तो ‘पक्कं घर’ म्हणून जसा आला, तसा माकडांपासून सुटका म्हणूनही आला. इथल्या खिडक्यांना गज आणि जाळी लागते त्यातही चोरांइतकाच माकडांचा वाटा आहे.

रामटेकावर खिडक्यांबद्दल लिहायचं आणि कालिदासाला टाळायचं, हे होणार नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत आयुष्यभर नेटानं मांडलं. जवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आणि मनसरच्या उत्खननात त्याच काळातलं मोठं विटांचं बांधकाम उघडं झालं आहे. या काव्यात खिडक्या जागोजागी आहेत. उज्जयिनीत बायकांच्या केसांना दिलेल्या धुपाचा धूर जाळीतून बाहेर पडतो आणि मेघाला पुष्ट करतो. यक्षाचा निरोप ज्या खिडकीपाशी पोचायचा, तिथे मेघानं विजेला पोटात आवरून बसायचं असतं. आणि अलकेत तर ढग वाऱ्याबरोबर वरच्या मजल्यांत शिरतात, भिंतीवरची चित्रं ओली करून बिघडवतात आणि धुराचं सोंग घेऊन जाळीतून पसार होतात. मोठ्या उघड्या खिडकीची तक्रार दीड हजार वर्षांपूर्वीही हीच होती. अर्थात या खिडक्या प्रासादांच्या. साध्या माणसाच्या घराला तेव्हा किती उजेड होता, ते कालिदास सांगत नाही.

साध्या माणसाच्या खिडकीत सरकारनं लक्ष घातलं ते रोगराईमुळे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि चाळींतल्या अंधाऱ्या खोल्या हा सरकारी चिंतेचा विषय झाला. ट्रस्टनं पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी, म्हणजे आकाशाचा एक तुकडा खोलीतून दिसत राहील. आजच्या बांधकाम नियमांतल्या ‘मार्जिन’ची मुळं अशा हिशेबांत आहेत. नागपुरात असा ट्रस्ट यायला १९३६ उजाडलं. रामटेकात त्याआधीच वेगळ्या वाटेनं नवी घरं आली होती. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ साली स्थापन झालं, मनसर-कांद्रीच्या टेकड्यांतून मॅंगनीज निघू लागलं (त्याच वारशातून १९६२ मध्ये आजची मॉईल कंपनी झाली), आणि खाणसाहेबांच्या राहण्याची जी तऱ्हा मध्य प्रांतात सगळीकडे होती ती इथल्या लोकांनी पाहिली. उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा, माणसाच्या उंचीच्या खिडक्या आणि त्यांच्या वर, छताला लागून, दोरीनं उघडणारी व्हेंटिलेटरं. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खिडकी मोठी होती, पण ती कधीही थेट उन्हात उभी नव्हती. तिच्यासमोर आठ-दहा फुटांचा व्हरांडा असे. आपण पुढे त्या बंगल्यांतली खिडकी उचलली आणि व्हरांडा तिथेच ठेवला.

मला विचाराल, तर रामटेकच्या घरांचा सर्वांत शहाणा काळ साधारण १९६० ते १९८५. सिमेंट मिळू लागलं होतं पण महाग होतं, म्हणून जपून वापरलं जाई. सागवान सातपुड्याच्या जंगलातलं, त्यामुळे चौकटी भक्कम. खिडकीला चार पल्ले असत, दोन वर, दोन खाली. खालचे लावले की रस्त्यावरून आतलं दिसत नाही, वरचे उघडे ठेवले की उजेड आणि वारा चालू. चार पल्ल्यांनी एकच खिडकी दिवसाच्या वेळेप्रमाणे चार प्रकारे वापरता येई, हे आज सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. प्रत्येक खिडकीवर सिमेंटचा छज्जा. जिन्यात, न्हाणीत आणि ओसरीच्या बाजूला सिमेंटची जाळी, तिच्यातून उन्हाच्या फुलाफुलांच्या नक्षीसह हवा. केरळात वास्तुकार लॉरी बेकर विटांच्या जाळ्यांनी जे करत होते आणि पुढे नावाजले गेले, तेच नागपूर जिल्ह्यातले मिस्त्री साच्यातल्या जाळ्यांनी करत होते. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.

याच काळात वीज भरवशाची होऊ लागली. कोराडीचं औष्णिक केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. पंखा आला आणि पंख्यापाठोपाठ कूलर.

कूलरनं विदर्भातल्या घराचा नकाशा बदलला, आणि याची नोंद पुरेशी झालेली नाही. त्याला खिडकी लागते. घरातली सर्वांत मोठी, बाहेर मोकळी जागा असलेली खिडकी होळीनंतर त्याच्या ताब्यात जाते आणि मृग बरसेपर्यंत सुटत नाही. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या. मग त्या खोलीत उजेड कुठून येणार? दुसऱ्या खिडकीतून. पण ऊन लागतं म्हणून तीही बंद केलेली असते, आणि तिथेच कूलरचं गणित फसतं. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, त्यामुळे आतल्या हवेला बाहेर पडायला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. सगळं बंद करून कूलर लावला की दोन तासांत खोलीत दमटपणा साचतो, आणि मग ‘कूलर आता काम करत नाही, एसी घ्यावा लागेल’ हे वाक्य घरात येतं. वरच्या व्हेंटिलेटरचं काम हेच होतं. पण स्लॅबची उंची बारा फुटांवरून दहावर आली तेव्हा पहिला बळी त्याचा गेला.

१९९० नंतर काच स्वस्त आणि सपाट झाली. तोवर महाराष्ट्रात काच म्हणजे लोकांना आठवे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील किंवा तळेगावच्या पैसा फंड कारखान्याचं सामान. खिडकीला लहान लहान तावदानं असत. आता एकसंध मोठी काच नागपूरहून टेम्पोत घालून तासाभरात येऊ लागली. सुताराची जागा ॲल्युमिनियमवाल्यानं घेतली. सरकती खिडकी बसवायला एक दिवस पुरतो, ती वाऱ्यानं आपटत नाही, तिला रंग लागत नाही, आणि मच्छरजाळीचा तिसरा रूळ असतो. माझा तिच्यावर राग नाही. पण तिनं तीन गोष्टी गुपचूप काढून घेतल्या. ती अर्धीच उघडते. तिच्यात वर-खाली असा भेद नाही. आणि ती आली तेव्हा ‘एलिव्हेशन’ बिघडतं म्हणून छज्जा गेला.

यातलं अर्ध्या उघडण्याचं प्रकरण आकड्यांत पाहा. केंद्र सरकारची इको-निवास संहिता २०१८ साली आली. नागपूरचा पट्टा मिश्र हवामानाचा, आणि त्यासाठी घराच्या चटई क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के एवढी उघडणारी जागा ती मागते. म्हणजे आठवा हिस्सा. हाच हिशेब १२ बाय १० च्या खोलीला लावला, तर १५ चौरस फूट. पाच बाय चारची खिडकी २० चौरस फुटांची, म्हणून आपण निश्चिंत. पण सरकती असेल तर ती उघडते फक्त १० चौरस फूट. त्याच मापाची पल्ल्यांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. उरलेल्या काचेतून वारा येत नाही, ऊन येतं. साध्या काचेतून उन्हाच्या उष्णतेचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग आत शिरतो, आणि आतल्या तापलेल्या फरशीची धग त्याच काचेतून तशी परत जात नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा मुलखात पश्चिमेला उघडी काच लावणं म्हणजे विजेच्या बिलावर आधीच सही करणं.

मग मोठी खिडकी नकोच का? हवी, आणि जरूर हवी. फक्त रामटेकचा सूर्य समजून घ्यावा. गाव २१.४ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकून दुपारीही ४५ अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीत चार फूट उंचीची खिडकी ठेवून वर दोन फुटांचा छज्जा काढला, तर २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत भर दुपारचं ऊन काचेला शिवतही नाही, आणि डिसेंबरच्या थंडीत मात्र खालची अर्धी खिडकी उन्हानं भरते. एवढ्या कमी खर्चात ऋतू ओळखणारं दुसरं यंत्र नाही. उत्तरेची खिडकी तर हवी तेवढी मोठी करा. तिथला उजेड बराचसा सारखा, वाचायला आणि शिवायला उत्तम. पूर्वेचं ऊन सकाळी गोड असतं, दहापर्यंत सोसतं. अडचण पश्चिमेची. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून पंचवीस अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दोन फुटांचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. तिथे सपरी, जाळी, वेल किंवा कडुनिंबच लागतो. वास्तुशास्त्राच्या नावानं पूर्वेच्या दाराचा आग्रह धरणारे पश्चिमेच्या भिंतीबद्दल गप्प असतात, याचं मला आश्चर्य वाटत आलं आहे.

रामटेकला हे कुणी नव्यानं शिकवण्याची गरज नाही. इथल्या बरई समाजाचे पानमळे प्रसिद्ध होते. पानवेलीला उजेड हवा आणि ऊन नको, म्हणून मळ्याला वरून गवताचं छत आणि चारी बाजूंनी ताट्या. इथल्या माणसाच्या घरालाही नेमकं तेवढंच हवं आहे.

घरकुलाचं काय, हा प्रश्न राहतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट भागात एक लाख वीस हजारांचं साहाय्य ठरलेलं होतं. तालुक्यातल्या गावांत अशी घरं रांगेनं दिसतात. विटांची भिंत, लोखंडी चौकटीची छोटी खिडकी, छज्जा असला तर वीतभर. कवेलूच्या घरातून इथे आलेल्या माणसाची भिंत पातळ झाली, छप्पर तापू लागलं, सपरी गेली, आणि खिडकी काही वाढली नाही. ले-आऊटमधल्या घराला पडदा तरी परवडतो. या घरांच्या ठरीव नकाशांत समोर सहा फुटांची सपरी आणि मागे स्वयंपाकघराला पल्ल्यांची खिडकी सक्तीची करायला हवी, आणि त्यापोटी लागणारे पैसे सरकारनंच द्यायला हवेत.

ज्यांचं घर अजून कागदावर आहे, त्यांना एवढंच सांगणं. पाया खणण्याआधी नकाशा एकदा दिशांप्रमाणे वाचा. खिडकीची लांबी-रुंदी प्रत्येक जण लिहितो. तिच्यावरच्या छज्ज्याचं माप आणि पल्ले किती उघडतात तेही त्याच कागदावर लिहून घ्या, आणि कूलरची जागा आत्ताच ठरवा, म्हणजे हॉलची मोठी खिडकी त्याला द्यावी लागणार नाही.