बाउडलरांची कात्री आणि इंग्रजीतला ‘हॅड’

इंग्रजीत ‘बाउडलराइझ’ असे एक क्रियापद आहे. ग्रंथातील असभ्य वाटणारा मजकूर गाळून तो सोवळा करून छापणे, असा त्याचा अर्थ. ‘सेन्सॉर करणे’ याहून ते निराळे. सेन्सॉरच्या पाठीशी बहुधा सत्तेचा हुकूम असतो. इथे कात्री असते ती एखाद्या सज्जन हितचिंतकाच्या हाती, आणि पुस्तकावर नाव मात्र मूळ लेखकाचेच राहते.

शब्द आला तो एका आडनावावरून. डॉक्टर टॉमस बाउडलर यांनी १८१८ साली शेक्सपिअरची ३६ नाटके दहा खंडांत ‘कुटुंबासाठी’ म्हणून प्रसिद्ध केली. घरात मुलाबाळांसमोर जे मोठ्याने वाचता येणार नाही, ते त्यांनी वगळले. उद्गारांतील ‘देवा’च्या जागी ‘स्वर्ग’ आला. ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागातून डॉल टेअरशीट ही गणिका पार नाहीशी झाली. ‘ऑथेल्लो’ मात्र कात्रीला दाद देईना. ते दिवाणखान्यात ठेवू नये, असे त्यांनीच सुचवले! वास्तविक आधी कात्री चालवली ती त्यांच्या भगिनी हेन्रिएटा यांनी. १८०७ च्या आवृत्तीतील २० नाटके त्यांनी सिद्ध केली होती, पण त्यावर त्यांचे नाव नव्हते. श्रेय म्हणा की अपश्रेय, भाषेने ते भावाच्या पदरात टाकले. १८२५ साली टॉमस वारले. क्रियापद १८३६ मध्ये छापलेले आढळते.

आता त्याच्या पूर्ण भूतकाळाकडे वळू. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्या ‘होतो’पायी इंग्रजीतही ‘हॅड’ घालून बसतो. चूक होते ती इथे. मराठीतला ‘होतो’ एकटा उभा राहू शकतो; इंग्रजी ‘हॅड’ला भूतकाळातलीच, पण नंतर घडलेली दुसरी गोष्ट सोबतीला लागते. ‘संपादकाने गेल्या वर्षी ते पुस्तक छाटले होते’, एवढेच सांगायचे असेल तर इंग्रजीत नुसते ‘बाउडलराइझ्ड’ पुरे. पण ‘मी ते शाळेत वाचले, त्याआधीच संपादकाने ते छाटले होते’ असे म्हणायचे तर ‘हॅड बाउडलराइझ्ड’ हवे. वाचन भूतकाळातले, छाटणी त्याच्याही मागची.

या क्रियापदाला हा काळ विशेष साजतो असे मला वाटते. वाचक पान उघडतो तेव्हा कात्री चालून गेलेली असते. ज्यांनी मूळ नाटक कधी पाहिले नाही, त्या घरांतल्या मुलांना डॉल टेअरशीट गेल्याचे कळणार तरी कसे? त्यांच्या लेखी ती कधी नव्हतीच.