घरचा डोंगा पुन्हा पाण्यात उतरवताना

आंभोऱ्याला वैनगंगा आणि कन्हान एकत्र येतात. तिथे २०२४ मध्ये नवा पूल झाला आणि नागपूर जिल्ह्यातून भंडाऱ्याच्या काठावर जायला नावाड्याची वाट बघण्याचे दिवस सरले. काठावरच्या ढिवर, भोई घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला एखादा फळ्यांचा डोंगा मग पालथा पडून राहतो. तो नुसता जुना झाला म्हणून मोडीत काढू नये. बहुतेक वेळा त्यातले बरेच लाकूड ठणठणीत असते.

लाकूड कुजते ते बुरशीने. बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. लाकूड पूर्ण बुडालेले असेल तरी हवेअभावी वाढत नाही. घात होतो तो मधल्या अवस्थेत. त्यामुळे नदीत बुडवून ठेवलेल्या डोंग्यापेक्षा पावसाचे पाणी तळाशी साचलेला डोंगा लवकर जातो. कोकणातल्या होडीला खाऱ्या पाण्यातले मीठ कुजण्यापासून थोडे राखते, पण तिथे लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा त्रास. वैनगंगेत ते किडे नाहीत आणि मीठही नाही. इथला दुसरा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की फळी रुंदीत आकसते, सांधे उघडतात, फळीची तोंडे तडकतात. लांबीत मात्र तिच्यात जवळजवळ फरक पडत नाही.

पहिले काम आकार जपण्याचे. डोंगा सावलीत आणून खाली सारख्या अंतरावर ओंडके द्यावेत, नाहीतर तळ मधोमध बसतो. एकही फळी काढण्याआधी दोन-तीन ठिकाणी आतून प्लायवुडचे साचे कापून घ्यावेत. फळ्या बदलता येतात. पाणी कापणारी ती गोलाई एकदा गेली की परत आणणे फार कठीण. आणि हा डोंगा ज्यांनी चालवला, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की पाणी कुठून यायचे, कोणत्या बाजूला तो कलायचा. माझ्या मते ही माहिती कोणत्याही मोजपट्टीपेक्षा मोलाची आहे.

मग तपासणी. हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते. शंका आली तिथे दाभण टोचून बघावे. फळ्यांची तोंडे, आडव्या फासळ्यांखालची जागा आणि लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग आधी बघायचे. गंजलेला खिळा स्वतः तर झिजतोच, भोवतालचे लाकूडही ठिसूळ करतो.

खराब भाग कापताना हात आखडू नये. चांगले लाकूड लागेपर्यंत मागे जावे. नवा तुकडा सागाचा, पण गाभ्याचाच घ्यावा. बाहेरचे फिके लाकूड स्वस्त मिळते आणि लवकर कुजते. आलापल्ली-बल्लारशाकडचे सागवान प्रसिद्धच आहे. नागपुरात लकडगंजात चिरून घेता येते, फक्त ते नीट वाळलेले आहे याची खात्री करावी. जोड सरळ कापू नये, तिरकस असावा: फळी एक इंच जाड असेल तर उतार सुमारे आठ इंच लांब. शेजारशेजारच्या फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. फासळीसाठी सरळ फळीतून गोलाई कापली तर लाकडाच्या रेषा तुटतात आणि ती तिथेच मोडते. निसर्गतःच वाकलेला बाभळीचा फाटा शोधावा. खिळे तांब्याचे किंवा जस्त चढवलेले, पण दोन्ही जवळजवळ ठोकू नयेत. पाण्यात दोन धातू एकत्र आले की जस्त आधी झिजते आणि मग आतले लोखंड.

लाकूड कोरडे असतानाच आतून जवसाचे तेल द्यायचे. उकळलेले जवसतेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि तसे होताना उष्णता सोडते. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

आता सांधे. इथेच सर्वांत जास्त डोंगे बिघडतात. उन्हाळ्यात उघडलेली फट पाहून माणूस ती कडक लांबीने गच्च भरतो. पावसाळ्यात फळ्या फुगतात, भरलेला माल दबत नाही, आणि खिळे उपटतात किंवा फासळी तडकते. त्याऐवजी तेल घट्ट झाल्यावर डोंग्यावर ओली पोती टाकून तो काही दिवस सावलीत ठेवावा. फळ्या हळूहळू फुगतात आणि बऱ्याच फटी आपण होऊन मिटतात. ज्या उरतात त्याच भरायच्या. कापसाची सैल वात बोथट छिन्नीने हलक्या हाताने आत बसवावी, वरून राळ आणि तेल एकत्र तापवून केलेले मऊ मिश्रण द्यावे. वात दबते, म्हणून ती लाकडाला हलायला जागा देते. बाहेरून फायबरचा थर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. जुन्या फळ्यांच्या डोंग्यावर तो चढवू नये, कारण आत गेलेली ओल कोंडते आणि ती वरून दिसतही नाही.

शेवटी उथळ, संथ पाण्यात डोंगा बांधून ठेवावा. पहिल्या दिवशी तो झिरपतो, कधी निम्मा भरतो. लगेच काढून पुन्हा वाती ठोकू नयेत. दोन-चार दिवसांनी पाणी उपसून बघावे. तरी ज्या जागा झिरपत असतील त्यांवर खूण करावी, डोंगा बाहेर घ्यावा आणि तेवढेच सांधे पुन्हा भरावेत.