समुद्राच्या तळाशी सापडलेला हेलियम

वाढदिवसाचा फुगा हातातून सुटला की भुर्रकन वर जातो, कारण त्यात हेलियम असतो. हा वायू इतका हलका की हवेत मिसळल्यावर हळूहळू अवकाशात निसटतो तो कायमचाच. शिवाय भारी एकलकोंडा! प्राणवायू लोखंडाला चिकटतो आणि गंज चढतो. हेलियम मात्र कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा हा स्वभाव शास्त्रज्ञांच्या फार उपयोगी पडला.

हेलियमच्या अणूत दोन प्रोटॉन असतात. बहुतेक अणूंत त्यांच्या जोडीला दोन न्यूट्रॉन असतात, तो हेलियम-४. क्वचित एखाद्यात एकच न्यूट्रॉन असतो, तो हेलियम-३. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात. हवेत हेलियम-४ चे सुमारे ७ लाख अणू मोजावेत, तेव्हा कुठे हेलियम-३ चा एक भेटतो.

दोघांचा जन्म मात्र निराळा. खडकांतल्या युरेनियम आणि थोरियमपासून हेलियम-४ आजही तयार होत असतो. पृथ्वीच्या पोटातला हेलियम-३ बहुतेक सगळा जुना, पृथ्वी घडली तेव्हा, म्हणजे सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी आत अडकलेला. म्हणून पाण्यात किंवा खडकात हेलियम-३ चे प्रमाण हवेतल्यापेक्षा बरेच जास्त दिसले, की तो प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून आला असे ओळखता येते.

१९६९ साली क्लार्क, बेग आणि क्रेग यांना प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात असाच जादा हेलियम-३ मिळाला. समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे माणसाने प्रत्यक्ष पाहिले ते १९७७ साली, गॅलापागोस बेटांजवळ. म्हणजे हेलियमने आठ वर्षे आधीच वर्दी दिली होती! एखादे चौकस बाबा विचारतील, अणुस्फोटांतल्या ट्रिटियमपासूनही हेलियम-३ होतो ना? होतो. पण तो मुख्यतः समुद्राच्या वरच्या थरांत आढळतो. प्रशांत महासागराचे खोल पाणी कित्येक शतके पृष्ठभागाला लागलेलेच नाही.

ही मोजणी सोपी नाही. हेलियम काचेतूनसुद्धा झिरपतो, म्हणून पाण्याचा नमुना तांब्याच्या नळीत भरून तिची दोन्ही टोके घट्ट दाबून बंद करतात.

सगळे प्रावरणही एकसारखे नाही. समुद्रातल्या लांबलचक पर्वतरांगांवर जो लाव्हा निघतो, त्यात हेलियम-३ चे हेलियम-४ शी प्रमाण हवेच्या सुमारे ८ पट असते. हवाईजवळच्या लोइही या बुडालेल्या ज्वालामुखीत ते २० ते ३० पट भरते, म्हणून त्याचा रस अधिक खोलून, जुना वायू अजून टिकून असलेल्या भागातून येतो असे बरेच शास्त्रज्ञ मानतात. मॉरिशसशेजारच्या रेयुनियाँ बेटावर ते १२-१३ पट आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तो याच बेटाखालच्या तप्त स्थानातून असे मानतात. तेव्हा भारत त्या जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. पुढच्या सुट्टीत घाटातून जाताना तो दगड जरूर बघा.

आता पुन्हा समुद्राकडे वळू. १९८१ साली लप्टन आणि क्रेग यांनी दक्षिण प्रशांत महासागरात, १५ अंश दक्षिण अक्षांशावर, सुमारे २,५०० मीटर खोलीवर हेलियम-३ चा एक प्रचंड पट्टा दाखवला. तो समुद्री पर्वतरांगेपासून निघून पश्चिमेकडे २,००० कि.मी. पसरलेला होता; पूर्वेकडे जवळजवळ काही नाही. खोल पाणी इतके संथ वाहते की त्याची दिशा मोजणे महाकठीण. त्या काळच्या गणिताला हा पश्चिमेचा ओघ अपेक्षितही नव्हता. आम्ही प्रोग्रामर मंडळी प्रोग्राम कुठून कुठे जातो ते कळावे म्हणून मध्येमध्ये एखादी ओळ छापायला लावतो. ती कामात ढवळाढवळ करत नाही, फक्त वाट दाखवते. हेलियम-३ चे काम अगदी तसेच.

त्याचा मोठा फायदा पुढे दिसला. तळावरच्या झऱ्यांतून लोखंडही बाहेर पडते. ते गंजून तिथेच तळाला बसत असणार, अशी समजूत होती. २०१३ साली एक संशोधन जहाज इक्वाडोरहून ताहितीला गेले, वाटेत ठिकठिकाणी पाणी तपासत. हेलियम-३ कशातच अडकत नाही, तेव्हा तो विरळ होतो तो केवळ दुसऱ्या पाण्यात मिसळल्यामुळे. विरघळलेले लोखंडही जवळपास त्याच प्रमाणात विरळ होत गेलेले आढळले. म्हणजे वाटेत ते फारसे गळलेच नव्हते! ४,००० कि.मी. पर्यंत ते हेलियमच्या सोबतीने गेले होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात सूक्ष्म वनस्पतींना लोखंडाची नेहमी चणचण असते, आणि खोल पाणी वर येते ते मुख्यतः तिथेच.